सशाचं मुसकं

कस्तुराबाईंच्या गोठ्यात शिरलं की आधी त्यांचा हात दिसायचा, मग त्या. म्हशीच्या पोटाखालून, गव्हाणीच्या आडून, कुठूनतरी तो हिरव्या बांगड्यांनी भरलेला हात पुढे यायचा आणि आपण ज्या जनावराकडे बघत असू त्याची पाठ थोपटायचा. बघा, पण नजर लावू नका, असं तो हात सांगायचा.

शिरूरला तेव्हा सगळे घोडनदीच म्हणायचे. माझ्या यजमानांची बदली तिथल्या कचेरीत झाली आणि आम्ही कस्तुराबाईंच्या शेजारी बिऱ्हाड केलं. दोन्ही घरांच्या परसांमध्ये शेराचं कुंपण होतं, आणि येण्याजाण्यासाठी त्यात एक भगदाड. त्यांची जमीन न्हावऱ्याला. त्यांचे यजमान पोपटराव सोसायटीच्या आणि तालुक्याच्या राजकारणात असल्यामुळे त्यांनी गावात घर केलं, शेत थोरल्या मुलाच्या हाती दिलं. कस्तुराबाई आल्या त्या म्हशी आणि गाय बरोबर घेऊनच. "जनावराबिगर घर म्हंजी धर्मशाळा," असं त्यांनी नवऱ्याला ऐकवलं होतं म्हणे.

जनावरांतलं त्यांना कळायचं. कुणाची गाय रवंथ करीनाशी झाली की माणूस आधी कस्तुराबाईंकडे यायचा. त्या पदर खोचून जायच्या, गाईच्या डाव्या कुशीला कान लावायच्या आणि डोळे मिटून ऐकत राहायच्या. मग म्हणायच्या, "वाजतंय. काही न्हाई व्हत, सुंठ आन् गूळ द्या." किंवा काहीच न बोलता तेलाची बाटली मागायच्या. या सगळ्याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत. "माझ्या दारात जनावर उपाशी न्हाई," हे वाक्य तर दिवसातून कधीतरी कानावर यायचंच.

अशा बाईंच्या दारात ससा आला तो रशिदामुळे.

समोरच्या बोळात सुभानभाई राहायचे. ते बाजार-बाजार फिरून तयार कपडे विकायचे, म्हणून दिवसभर त्यांचं घर बंद. त्यांची बायको सुलतानबी बाळंतपणासाठी माहेरी दौंडला निघाली, आणि धाकटी लेक रशिदा तिच्याबरोबर. रशिदाचा मामा मीरासाहेब दौंडच्या इंजिनाच्या शेडमध्ये होता. तिथलं एक गोऱ्या ड्रायव्हरचं कुटुंब कायमचं विलायतेला गेलं, जाताना त्यांनी पाळलेला ससा मीरासाहेबाच्या हवाली केला, आणि त्यानं तो भाचीला दिला. पांढरीशुभ्र मादी. रशिदानं तिचं नाव नूरी ठेवलं होतं आणि तिला ती शाळेतसुद्धा नेऊ पाहायची.

निघायच्या दिवशी रशिदा टोपली घेऊन कस्तुराबाईंच्या दारात उभी राहिली. मी तिथेच शेंगा निवडत बसले होते.

"मावशी, हिला हरळी द्या. वाळलेली बी चालती. आन्..." वेणीची रिबीन बोटाला गुंडाळत ती थांबली.

"आन् काय गं?"

"आन् काय न्हाई."

"अगं, ह्या हातानं म्हशी वाढवल्या. तुझ्या एवढ्याशा सशाचं काय घेऊन बसलीस! जा, आईला जप. परत येशील तवा वळखायची न्हाईस, अशी करून ठेवते हिला."

रशिदानं नूरीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि पळत गेली.

कस्तुराबाईंनी नूरीला कोंबड्यांच्या डालग्याखाली जागा केली आणि मनापासून पोसायला घेतलं. हरळी होतीच, पण नुसत्या गवतावर जनावर ठेवणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. म्हणून वर भाकरीचा काला, भिजवलेली पेंड, गुळाचा खडा. नूरी गूळ चाटायची तेव्हा कस्तुराबाई मला हाक मारायच्या. "वैनी, बघा कशी खाती! गरिबाच्या घरातनं आलीय बिचारी."

सुभानभाईंचं घर काही गरिबीचं नव्हतं.

अशात कस्तुराबाईंच्या विहीणबाई आल्या. लेक सिंधू राहू गावी दिली होती, आणि सिंधूची सासू गिताबाई म्हणजे मोठी टापटिपीची बाई. त्या यायच्या म्हणून कस्तुराबाईंनी गोठा सारवला, म्हशींच्या शिंगांना तेल लावलं. गिताबाई पडवीत पाटावर बसल्या. ताटात पोळी, वाटीत तूप. समोर अंगणात ऊन आलं होतं आणि डालगं उचलून नूरीला मोकळं सोडलेलं.

"विलायती हाय," कस्तुराबाई म्हणाल्या. "इंग्रजाच्या घरचा ससा."

गिताबाई कौतुकानं बघायला लागल्या, आणि नेमकं तेव्हाच नूरीनं मान पोटाखाली वळवली. लेंडी जमिनीवर पडायच्या आतच तोंडात घेतली आणि सावकाश गिळून टाकली. मग मिशा हलवत निवांत बसली.

गिताबाईंचा घास हातातच राहिला.

"अगं बया! विहीणबाई, ह्येला काय पोटाला घालता का न्हाई?"

"घालते की! पेंड घालते, गूळ—"

"मग ह्ये काय? आमच्यात कुत्रं बी असं करत न्हाई. राहूत सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं न्हाई. कस्तुराबाईच्या दारात जनावर सोताचंच..." त्यांनी पदर नाकाला लावला आणि ताट जरा मागे सरकवलं.

कस्तुराबाईंचा चेहरा पार उतरला. त्या उठल्या, नूरीवर डालगं उपडं घातलं आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "त्ये आमचं न्हाई. शेजाऱ्याचं हाय. त्या समोरच्या सुभानच्यातलं."

"अस्सं," गिताबाई म्हणाल्या आणि बोळाकडे बघून त्यांनी मान हलवली. त्या एका शब्दात सुभानभाईंच्या घराची सगळी झडती होती.

विहीणबाई एस.टी.त बसून गेल्या. कस्तुराबाई मात्र पडवीतच बसून राहिल्या. ताटातली उरलेली पोळी त्यांनी गाईला घातली नाही, हे मला विशेष वाटलं.

"वैनी, मी सुभानचं नाव कशाला घेतलं हो?" त्या अचानक म्हणाल्या. "माझ्या दारात व्हतं ना त्ये."

दुसऱ्या दिवशी मी दुधाला गेले तर नूरीच्या तोंडावर मुसकं. खळ्यात मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला जाळी बांधतात ना, तशीच, पण सुताची आणि इवलीशी. कस्तुराबाईंनी रात्रीतून विणलेली. कानामागे गाठ, गाठीवर लाल दोरा.

"हे काय हो?"

"माती खाणाऱ्या वासराला घालत्यात तसं."

"पण ती माती कुठे खाते?"

"त्येच्याहून वंगाळ खाती." त्यांनी आवाज खाली आणला. "सकाळ-संध्याकाळ काढते की खायाला. न्हाईतर बांधलेलं बरं. येणारं-जाणारं बघतं. उद्या सुलतानबी आल्यावर म्हणंल, माझ्या पोरीच्या सशाला ही खोड तुमच्यात लागली. रशिदा यायच्या आत मोडायची मला ही खोड."

मला सशांचं काही माहीत नव्हतं, घोडनदीत कुणालाच नव्हतं. रानातला ससा सगळ्यांनी पाहिलेला, पण तो डालग्याखाली बसून कुणी बघितला होता! पोपटरावांना तर हसूच आवरेना. "सोसायटीच्या मीटिंगला आणतो हिला. तिथं मुसकं घालायजोगी लई तोंडं हायती." कस्तुराबाई हसल्या नाहीत. एरवी नवऱ्याच्या अशा बोलण्यावर त्या पदर तोंडाला लावून हसायच्या.

मुसकं घातल्यावर एक नवंच दिसायला लागलं. डालग्याखाली, नूरीच्या शेपटीच्या केसांना चिकटलेले, मऊ, काळपट, आंबूस वासाचे गोळे. द्राक्षांचा अगदी बारका घड असावा तसे. एरवी नूरीच्या लेंड्या म्हणजे वाळलेल्या वाटाण्यासारख्या, हाताला न लागणाऱ्या.

"पोट बिघडलं," कस्तुराबाई म्हणाल्या. "ओला चारा बंद."

त्यांच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. वासराला हगवण लागली की हिरवं बंद करतात. त्यांनी हरळी बंद केली आणि भाताची पेज सुरू केली. सुंठ उगाळून चाटवली. मऊ घड थांबले, आणि त्यांना बरं वाटलं. मग वाटाण्यासारख्या लेंड्याही लहान होत गेल्या, मोहरीएवढ्या, कोरड्या. आणि एका सकाळी डालग्याखाली काहीच नव्हतं.

नूरी पाठ वर काढून कोपऱ्यात बसली होती. मुसकं काढलं तरी खायला पुढे येईना. जवळ गेलं की बारीक करकर ऐकू यायची.

"दात खाती," कस्तुराबाई म्हणाल्या. "दुखतंय तिला."

त्यांनी तिला उचलून मांडीवर घेतलं. पोट तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं घट्ट झालं होतं. त्यांनी सवयीनं खाली वाकून कुशीला कान लावला. डोळे मिटले. मी कुंपणाच्या भगदाडात उभी होते. बराच वेळ त्या तशाच राहिल्या, आणि डोळे उघडले तेव्हा त्यांच्या तोंडावरचा तो जाणतेपणा कुठेच नव्हता.

"वैनी, आत काहीच वाजंना."

"ढोरांच्या दवाखान्यात दाखवू या. मी येते बरोबर."

"तिथं काय सांगू? सशाला मुसकं घातलं म्हणून?" त्या एकदम कळवळून म्हणाल्या. "तिथला कंपाउंडर लोकांना सांगतो, कस्तुराबाईला इचारा. आन् मीच उभी ऱ्हाऊ त्याच्या दारात?"

मी पुन्हा म्हणून पाहिलं. त्यांनी मान खाली घातली ती वर केली नाही. फुगलेल्या बैलाला देतात तसं हिंग घातलेलं तेल, पण काडीच्या टोकावरचं थेंबभर, त्यांनी नूरीच्या ओठाला लावलं. तिनं ते चाटलंसुद्धा नाही.

त्याच संध्याकाळी सुभानभाई आले. दारातूनच आनंदानं हाक मारली.

"मावशी! दौंडवरनं निरोप आलाय. पोरगं झालं. दोघंबी खुशाल हायत."

कस्तुराबाई डालग्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. पदर पसरला होता, डालगं झाकलं जावं इतका.

"अल्लाची कुरपा," त्या म्हणाल्या. "सुलतानबीला म्हणावं, डोकं बांधून ऱ्हा, गार पाण्यात हात घालू नगं."

"म्हणतो की. आन् रशिदानं एकच इचारलंय. भाऊ झाला त्याचं तिला काही न्हाई. नूरी कशी हाय, म्हणती."

"ब्येस हाय," कस्तुराबाई म्हणाल्या. "झोपलीय."

सुभानभाईंनी पुडी सोडून त्यांच्या तळहातावर साखर ठेवली, माझ्याही. मी तोंडात टाकली. कस्तुराबाई मूठ मिटून उभ्या होत्या. सुभानभाई बोळात वळले, त्यांच्या सायकलची घंटी ऐकू आली, तरी त्या तशाच उभ्या. मग मूठ उघडली तेव्हा साखर घामानं विरघळून हाताला चिकटली होती. त्यांनी हात धुऊन टाकला.

डालगं उचललं. कानामागची गाठ सोडली, ती सुटेना तर दातानं तोडली. नाकाच्या वर, जिथे सूत बसायचं तिथे, केस जाऊन गुलाबी वळ उठला होता.

"जायचं असंल तर मोकळ्या तोंडानं जा बाई," त्या म्हणाल्या.

सकाळी मी भांडं घेऊन गेले तर म्हशी हंबरत होत्या. धार काढायची राहिलेली, असं कधी होत नसे. कस्तुराबाई गव्हाणीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर नूरी, वर जुन्या लुगड्याची घडी. त्यांचा तळहात तिच्या पोटावर हळूहळू फिरत होता. कुणास ठाऊक कधीपासून.

"हरळीची काडी खाल्ली," त्या कुजबुजल्या. "एकच. पन खाल्ली."

ऊन अंगणात आलं तशी नूरी लुगड्यातून बाहेर सरकली. पाय लांब केले, थांबली, आणि मान पोटाखाली वळवली. कस्तुराबाईंचा हात सवयीनं पुढे गेला. पोचायच्या आत त्यांनी तो मागे घेतला आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवला. नूरीनं जे घ्यायचं ते घेतलं, गिळलं, आणि डोळे अर्धे मिटून बसली.

समोर गाय रवंथ करत होती. तिचेही डोळे तसेच अर्धे मिटलेले. कस्तुराबाई एकदा गाईकडे बघायच्या, एकदा नूरीकडे. मी दुधाचं भांडं खाली ठेवलं, कारण त्यांचा चेहरा मला काही ठीक दिसेना.

"वैनी," त्या म्हणाल्या, "ही रवंथ करती हो."

"ससा?"

"गाय वरनं परत आणती, ही खालनं घेती. एकदा खाल्लेलं एकदाच्यानं पचंना म्हणून पुन्यांदा खाती. त्ये मऊ घड पडायचे, ती हगवण नव्हती. तिचा घास व्हता त्यो. मी खाऊ दिला न्हाई म्हणून खाली पडायचा." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "रवंथ करणाऱ्या जनावराचं तोंड बांधलं मी. मी!"

पुढचे दिवस त्यांनी तिला फक्त हरळी दिली आणि पाणी. गूळ नाही, पेंड नाही. आधी मोहरीएवढ्या, मग ज्वारीएवढ्या, मग पहिल्यासारख्या लेंड्या दिसायला लागल्या, आणि रोज सकाळी त्या डालगं उचलून एखाद्या बाईनं सोनं शोधावं तशा वाकून बघायच्या. नूरी जगली. पण कस्तुराबाईंचं बोलणं कमी झालं. कुणी गाईचं विचारायला आलं तर म्हणायच्या, "दवाखान्यात दाखवा बाबा. मला काय कळतंय?" लोकांना वाटायचं, बाईंना ताठा आला.

रशिदा आली ती टांग्यातून उडी मारूनच. नूरीला छातीशी धरलं, नाकाला नाक लावलं, आणि थबकली.

"मावशी, हिच्या नाकावर काय झालं?"

कस्तुराबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग गोठ्याकडे. "डालग्याला घासलं गं," त्या म्हणाल्या.

"आन् वाळली कशी?"

"तुझी आठवण काढायची."

रशिदा हसली आणि नूरीला घेऊन गेली. त्या दिवसापासून कस्तुराबाईंचं परसदार दुपारचं बंद राहू लागलं. रशिदा कडी वाजवायची, मावशी, मावशी म्हणायची, आणि आतून आवाज यायचा, "पडलेय गं जरा." दिवसा पडणारी बाई नव्हती ती. एकदा मी कुंपणाकडून डोकावले तर त्या गोठ्यात बसल्या होत्या, कडी वाजतेय तिकडे पाठ करून.

मग विहीणबाई पुन्हा आल्या, सिंधूला चार दिवस माहेरी पोचवायला. पाहुणे आल्यावर परसदार बंद कसं ठेवणार? रशिदा नूरीला घेऊन सरळ पडवीपर्यंत आली. सिंधूताईला दाखवायला.

गिताबाईंनी पाट जरा मागे घेतला. "ह्योच ना गं त्यो ससा?"

नूरी अंगणात उतरली, उन्हात बसली, आणि मान वळवली.

रशिदानं झटक्यात ओढणी तिच्यावर टाकली. स्वतः पुढे होऊन बसली, तिला झाकून. पोरीचे कान लाल झाले होते. जो पदर कस्तुराबाईंनी डालग्यापुढे पसरला होता, तोच मला त्या ओढणीत दिसला. त्यांनाही दिसला असावा.

"आजून तीच खोड का?" गिताबाई म्हणाल्या. "सुभानच्यात खायला—"

"जेवणाऱ्याकडं टक लावून बघू नये, विहीणबाई," कस्तुराबाई म्हणाल्या.

त्या पडवीतून उतरून रशिदाजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"त्ये तिचं जेवण हाय. गाय रवंथ करती तसं. आन् सुभानच्यात तिला काही कमी नव्हतं. कमी माझ्या दारात पडलं. तुमी हसलात, मला लाज वाटली, म्हणून मी तिला मुसकं घातलं. मरता मरता ऱ्हायली." त्या रशिदाकडे वळल्या, पण तिच्या डोळ्यांकडे बघवेना म्हणून तिच्या हातांकडे बघत राहिल्या. "डालग्याला न्हाई घासलं, बाळा. दोरीनं घासलं. मी बांधली व्हती. मी तुला खोटं सांगितलं."

मला वाटलं, आता पोर रडेल. ती रडली नाही. तिनं ओढणीची कड चिमटीत धरली आणि गुंडाळत राहिली, रिबीन गुंडाळली होती तशीच.

"मला ठाव व्हतं, मावशी," ती म्हणाली.

"काय?"

"ती खाती त्ये. त्या मडमेनं मामूला सांगितलं व्हतं, खाऊ द्या, अडवू नका. अम्मी म्हणली, मावशीला सांगून ये." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "शाळेत पोरी हसल्या व्हत्या मला. म्हणलं, तुमाला सांगितलं तर तुमी तिला घरात घेणार न्हाई. म्हणून न्हाई सांगितलं."

कस्तुराबाई खाली बसल्या, तिथेच, सारवलेल्या जमिनीवर. त्यांनी हात पुढे केला, रशिदाच्या डोक्यापर्यंत नेला आणि मधेच थांबवला. विचारल्यासारखा. रशिदानं डोकं जरा पुढे केलं, तेव्हा तो हात टेकला.

"काढ ती ओढणी," त्या म्हणाल्या. "गुदमरंल ती."

रशिदानं ओढणी काढली. नूरीचं झालं नव्हतं. गिताबाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं, वहाणा ठेवल्या होत्या तिकडे. ते किळसेनं की कस्तुराबाईंच्या शब्दासाठी, ते त्यांचं त्यांना माहीत.

नंतर रशिदा कुठेही गेली की नूरी कस्तुराबाईंकडेच असायची. मात्र टोपली हातात घेताना त्या दर वेळी विचारायच्या, "काही सांगायचं ऱ्हायलं न्हाई ना?" आणि रशिदा गंभीरपणे पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायची. हळूहळू लोकांच्या गाई बघायलाही त्या जाऊ लागल्या, कुशीला कान लावू लागल्या. पण आमची बदली होईपर्यंत, माझ्या दारात जनावर उपाशी नाही, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. कुणी दुसऱ्यानं कौतुकानं म्हटलं तर त्या उठून गोठ्यात जायच्या, आणि बराच वेळ तो बांगड्यांचा हातही दिसायचा नाही.